तात्यांचा खोकला आणि विडाल पॉझिटिव्ह

मार्च २०२३ मध्ये आमच्या लॅबच्या बाकड्यावर सकाळी जो बसायचा तो खोकतच बसायचा. एच३एन२ जोरात होता, आयसीएमआरनेही त्याच सुमारास सांगितलं होतं की दोन-तीन महिने जो ताप-खोकला चाललाय त्यात मुख्य हाच इन्फ्लुएंझा सापडतोय. आणि चिठ्ठ्यांवर काय लिहून यायचं, तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरिया, आणि विडाल, म्हणजे टायफॉइडसाठीची रक्ततपासणी. नाक गळतंय, घसा बसलाय, घरातल्या चौघांना एकदमच आलंय, तरी विडाल. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोटी लॅब चालवते, त्यामुळे चिठ्ठीवर आहे ते करायचं आणि रिपोर्ट द्यायचा हे रोजचंच. पण त्या महिन्यात घरचाच पेशंट आला आणि सगळी प्रक्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातून झाली, म्हणून सविस्तर लिहितेय. कारण विडाल पॉझिटिव्हचा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं मी रोज बघते.

तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. वय ६८, शुगर आहे, गोळ्या चालू. रविवारी पाहुण्यांकडे लग्न होतं, तिथे निम्मा मांडव खोकत होता म्हणे. मंगळवारी रात्री एकदम थंडी वाजून ताप, अंग ठेचल्यासारखं, घसा दुखतोय, कोरडा खोकला. बुधवारी सकाळीच गावातल्या डॉक्टरांना दाखवलं, तिथल्याच लॅबमध्ये रक्त दिलं आणि संध्याकाळी दिराचा फोन, "वहिनी, तात्यांना टायफॉइड निघालाय. उद्यापासून सलाईन आणि इंजेक्शन सांगितलंय, सात दिवस."

मी म्हटलं रिपोर्टचा फोटो पाठवा. फोटो आला. टायफी ओ १:१६०, टायफी एच १:१६०, पॅराटायफॉइडचे एएच आणि बीएच निगेटिव्ह, खाली ठळक अक्षरात पॉझिटिव्ह. मी पहिला प्रश्न विचारला तो आकड्यांबद्दल नव्हताच, विचारलं ताप नक्की कधी आला? सोमवारी कणकण होती का, जेवण जात होतं का, त्याच्या आधीच्या आठवड्यात काही? दीर म्हणाले नाही, रविवारी लग्नात पंगतीला वाढत होते, मंगळवारी दुपारपर्यंत रानात होते.

इथेच निम्मं उत्तर मिळालं. विडालमध्ये आपण जंतू बघत नाही, जंतूविरुद्ध शरीराने केलेल्या अँटिबॉडी बघतो. ओ आणि एच हे त्याच जंतूचे दोन वेगळे भाग, आणि १:१६० म्हणजे नमुना तेवढा पातळ करूनही अँटिबॉडी दिसल्या, उजवीकडचा आकडा मोठा तेवढ्या त्या जास्त. टायफॉइडचा जंतू अंगात शिरला तरी या अँटिबॉडी मोजण्याइतक्या तयार व्हायला वेळ लागतो, ओ च्या साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी, एच च्या त्याच्यानंतर, दहा-बारा दिवसांच्या आसपास. मग ताप येऊन एक रात्र झालेल्या माणसाच्या रक्तात ओ आणि एच दोन्ही १:१६० आले तर ते या तापाचे कसे असतील? बहुतेक करून आधीचेच. अर्थात लोक तापाचा दिवस चुकीचा सांगतात, आठवडाभर अंगावर काढतात आणि म्हणतात कालपासून आलाय, म्हणून मी तीन-तीनदा विचारलं. इथे तसं नव्हतं.

मी दिरांना सांगितलं, इंजेक्शन सुरू करायच्या आधी उद्या सकाळी तात्यांना इकडे घेऊन या, एक डोस जरी गेला तरी कल्चरचा, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, उपयोग कमी होतो. गावातल्या डॉक्टरांनाही फोन केला. भला माणूस आहे, म्हणाले, "मॅडम, मलाही फ्लूच वाटतोय, पण एवढा ताप आहे, शुगर आहे, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, आणि मी इंजेक्शन दिलं नाही तर ते दुसरीकडे जाऊन घेणार." त्यांचं खोटं नव्हतं. गावात बसून हा दबाव सोसणं सोपं नाही, आणि कल्चरची सोय तिथे नाही.

गुरुवारी सकाळी तात्या आले, बरोबर काकू. डब्यात मऊ भात आणि पेज, कारण टायफॉइड म्हटल्यावर काकूंनी भाकरी बंद केलेली. "उलटला म्हणजे?" ही त्यांची धास्ती. मी आधी आमच्या गावातल्या फिजिशियन सरांकडे नेलं. छाती साफ, ऑक्सिजन ९६, घसा लाल, नाक वाहतंय, पोट मऊ, जिभेवर थर नाही. सरांनी ऑसेल्टामिवीर हे फ्लूचं औषध लगेच सुरू केलं, ७५ ची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस. स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघितली नाही आणि ते बरोबरच होतं. सरकारी वर्गवारीत साधा ताप-खोकला म्हणजे ए गट, त्याला ना टेस्ट लागते ना हे औषध. पण ६५ च्या वरचे, शुगर, दमा, हृदयाचा त्रास, गरोदर बाई असे लोक बी गटात जातात, त्यांना औषध द्यायचं, आणि त्याचा खरा फायदा पहिल्या ४८ तासांत. धाप, छातीत दुखणं, बीपी उतरणं असलं काही दिसलं की तो सी गट, सरळ ॲडमिट. म्हणजे तात्यांच्या बाबतीत टायफॉइडच्या नावाखाली जे दोन दिवस जाणार होते ते नेमके हेच ४८ तास होते. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. अँटिबायोटिक फुकट गेलं हे तर आहेच, पण खऱ्या आजाराची वेळ निघून जाते. आणि टायफॉइड म्हटल्यावर घरात कोणी मास्क लावत नाही, नातवंडं आजोबांच्या उशाशी बसून राहतात.

मग लॅबमध्ये नमुने घेतले. नाकाचा आणि घशाचा स्वॅब व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात) घालून बर्फाच्या डब्यात पुण्याला पाठवला. ब्लड कल्चरसाठी दोन बाटल्या, दोन वेगवेगळ्या जागांवरून, प्रत्येकीत ८ ते १० मिली. काकू म्हणाल्या एवढं रक्त कशाला? तर टायफॉइडमध्ये रक्तात जंतू फार थोडे असतात, कमी रक्त घेतलं की ते हाती लागत नाहीत. एवढं करूनही ब्लड कल्चर शंभरातल्या साधारण पन्नास-साठ खऱ्या टायफॉइडमध्येच पॉझिटिव्ह येतं, म्हणून निगेटिव्ह आलं तर टायफॉइड नाहीच असं छातीठोक म्हणता येत नाही. अस्थिमज्जेचं कल्चर जास्त पकडतं पण ते साध्या तापात कोण करणार. सीबीसीत पांढऱ्या पेशी ३९००, प्लेटलेट थोड्या कमी. पांढऱ्या पेशी कमी म्हणजे टायफॉइड असं गावाकडे धरून चालतात, पण फ्लूमध्येही त्या कमीच होतात, डेंग्यूतही. टायफॉइडमध्ये इओसिनोफिल बऱ्याचदा शून्यावर येतात, तात्यांचे २ टक्के होते. हा नुसता इशारा, पुरावा नाही.

आता विडाल मी परत केलं, स्लाइडवरही आणि ट्यूबमध्येही. स्लाइडवर कसं करतात ते सांगते कारण ज्यांनी बघितलं नाही त्यांना वाटतं मशीन आकडा काढतं. काचेच्या पट्टीवर गोल असतात. पेशंटचा सिरम (रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पाणी) आधी ८० मायक्रोलिटर, पुढच्या गोलात ४०, मग २०, १०, ५. प्रत्येकात अँटिजेनचा, म्हणजे मेलेल्या जंतूंच्या रंगीत द्रावणाचा, एक थेंब, ओ चा निळा, एच चा लाल. काडीने पसरवायचं आणि पट्टी हातात धरून हळूहळू एक मिनिट झुलवायची. अँटिबॉडी असतील तर तो गुळगुळीत रंग फाटलेल्या दुधासारखा होतो, बारीक कण वेगळे दिसायला लागतात. ८० मायक्रोलिटरवर कण दिसले तर १:२०, ४० वर १:४०, असं करत ५ वर दिसले तर १:३२०. सगळा निकाल डोळ्याचा. एक मिनिटाऐवजी तीन मिनिटं ठेवलं तर थेंब कडेने वाळतो आणि नुसतं वाळलेलंही कणीदार दिसतं. अँटिजेनची बाटली फ्रिजमधून काढून तशीच वापरली, हलवली नाही, तरी गडबड. सकाळच्या गर्दीत एका टेबलावर वीस पट्ट्या असतात तेव्हा १:८० आणि १:१६० मधला फरक माणसागणिक बदलतो, हे प्रत्येक लॅबवाल्याला ठाऊक आहे.

ट्यूबला वेळ लागतो. ओ साठी गोल बुडाची फेलिक्स ट्यूब, एच साठी निमुळत्या बुडाची ड्रेयर ट्यूब, सिरम पातळ करत जायचं, ३७ डिग्रीला रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी वाचायचं. तात्यांच्या स्लाइडवर मलाही ओ १:१६० च दिसला, ट्यूबमध्ये मात्र तो १:८० वर थांबला, एच १:१६० राहिला. गावातल्या लॅबने खोटं काही लिहिलं नव्हतं. स्लाइडवर जे दिसलं ते लिहिलं. चूक होती त्याच्यापुढे लिहिलेल्या एका शब्दात, पॉझिटिव्ह.

काकूंनी तेच धरलं. "रिपोर्टात पॉझिटिव्ह आहे, मग तू नाही कशी म्हणतेस?" मी म्हटलं, काकू, रिपोर्ट खोटा नाही, तात्यांच्या रक्तात त्या अँटिबॉडी आहेतच, पण त्या कधीच्या आहेत ते रिपोर्ट सांगत नाही. आपल्याकडे विहिरीचं पाणी, यात्रेतलं पाणी, पावसाळ्यात फुटलेली पाइपलाइन, आयुष्यभरात कितीदा हे जंतू किंवा त्यांचे भाऊबंद पोटात गेलेले असतात. टायफॉइडच्या जंतूवर जी ओ अँटिजेन असतात त्यातली काही सालमोनेलाच्या इतर जातींवरही असतात, त्यांच्यामुळेही विडाल वर जातं. एच च्या अँटिबॉडी तर महिनोन्महिने राहतात, काहींत वर्षानुवर्षं. आणि भलत्याच कारणाने ताप आला, फ्लू, डेंग्यू, मलेरिया काहीही, की शरीराच्या आठवणीत असलेल्या जुन्या अँटिबॉडीही थोड्या वर उसळतात. काकूंना पूर्ण पटलं नाही. पण तात्या म्हणाले, "सूनबाई म्हणतीय तर थांबू की दोन दिवस."

निरोगी माणसात विडाल किती येतं हे मी स्वतः बघितलंय. एकदा किटची नवी बॅच आली तेव्हा तपासायला म्हणून स्टाफचंच रक्त वापरलं, सगळे ठणठणीत. कोणाला १:४०, कोणाला १:८०, आणि आमच्या कलेक्शनच्या पोराला एच १:१६०, ज्याला गेल्या कित्येक महिन्यांत ताप नव्हता. पुस्तकात लिहिलेला कटऑफ, आपल्याकडे सहसा ओ १:८० आणि एच १:१६० धरतात, तो त्या-त्या भागातल्या निरोगी लोकांवरून ठरायला हवा, पण तालुक्याच्या गावात कोण ठरवतं? किटच्या कागदावर असतो तोच चालतो. ही टेस्ट १८९६ ची, पॅरिसच्या फर्नांड विडाल यांची. तेव्हा तिने मोठं काम केलं आणि आजही योग्य पेशंटमध्ये थोडी मदत करते, पण एका दिवसाच्या एका नमुन्यावर सगळा निकाल लावायचा हे तिच्या ताकदीबाहेरचं आहे.

टायफिडॉट नावाची पट्टीही असते, लोकांना वाटतं ती पक्की. ती जंतूच्या एका प्रोटीनविरुद्धच्या आयजीएम आणि आयजीजी या दोन प्रकारच्या अँटिबॉडी बघते, करायला सोपी आहे, पण शेवटी तीही अँटिबॉडीच बघते. आयजीएम बरं झाल्यावरही रेंगाळते, आणि डेंग्यू-कोविडमध्ये खोटी पॉझिटिव्ह आलेली डॉक्टरांनी लिहून ठेवलीय. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ ला, विडाल पॉझिटिव्हचा कागद हातात घेऊन घरी सलाईन लावून पडलेली माणसं मी बघितली. कोविडची टेस्ट नको, गावात नाव निघतं, टायफॉइड बरा. त्यातले काही ऑक्सिजन ८० च्या घरात आल्यावर शहराकडे निघाले. ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून खोकणाऱ्या माणसाचं विडाल पॉझिटिव्ह दिसलं की मी फोन उचलते.

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून रिपोर्ट आला, इन्फ्लुएंझा ए, एच३एन२ पॉझिटिव्ह. तोवर काकूही खोकायला लागल्या होत्या आणि धाकट्या नातवाला ताप. शनिवारपासून तात्यांचा ताप उतरला, रविवारी अंगातून गेलाच. कल्चरच्या बाटल्या पाच दिवस मशीनमध्ये होत्या, काही वाढलं नाही. खोकला मात्र पुढे दोन-तीन आठवडे राहिला, फ्लूचा राहतोच, त्यावर परत दोघातिघांनी सांगितलं की टायफॉइड मुरलाय. मी फक्त एवढं बघितलं की वजन उतरत नाही ना, संध्याकाळचा ताप नाही ना, कारण दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला तर थुंकीची टीबीची तपासणी करायलाच हवी. टायफॉइड, टायफॉइड म्हणत टीबी राहून गेलेले पेशंटही येतात.

मग साधारण दोन आठवड्यांनी त्यांचं परत विडाल केलं, आधीचा सिरम फ्रीझरमध्ये ठेवला होता तो काढून दोन्ही एकाच दिवशी, एकाच किटने, शेजारी-शेजारी. खरं विडाल वाचायची पद्धत हीच. खरा टायफॉइड असेल तर दुसऱ्या नमुन्यात चौपट वाढ दिसायला हवी, म्हणजे १:८० चं १:३२०, दोन पायऱ्या. एक पायरी वर-खाली झाली तर ती हाताची चूकही असू शकते. आणि अँटिबायोटिक लवकर सुरू झालं असेल तर वाढ दबतेही, तेही लक्षात ठेवावं लागतं. तात्यांना अँटिबायोटिक काही दिलंच नव्हतं. ओ १:८०, एच १:१६०. जिथल्या तिथे.

हे वाचून कोणी असं धरू नये की टायफॉइड राहिलाच नाही. त्याच उन्हाळ्यात होस्टेलवरचा एक मुलगा आला, चार दिवस ताप, रोज संध्याकाळी आधीपेक्षा थोडा जास्त, डोकं दुखतंय, पोट दुखतंय, जेवण नको, जिभेवर पांढरा थर, नाक-घसा साफ. थोडा कोरडा खोकला त्यालाही होता, टायफॉइडमध्ये सुरुवातीला असतो, त्यामुळे खोकला आहे म्हणजे टायफॉइड नाही हेही सरसकट चालत नाही. त्याचं विडाल निगेटिव्ह. घरचे खूश. पण सरांनी कल्चर मागितलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी बाटली पॉझिटिव्ह झाली. जंतू वाढवायच्या मॅकॉन्की प्लेटवर बिनरंगी, फिकट कॉलनी (जंतूंचे ठिपके), टायफी ओळखायच्या अँटिसिरममध्ये लगेच गोळा झाल्या. सालमोनेला टायफी. सिप्रोफ्लॉक्सासिन गटाला दाद देत नव्हता, आपल्याकडचे बरेचसे आता देत नाहीत, सेफ्ट्रिअक्झोन आणि अझिथ्रोमायसिनला देत होता. सात-आठ दिवसांनी त्याचंच विडाल वर गेलं. तात्यांना पॉझिटिव्ह असून टायफॉइड नव्हता आणि या पोराला निगेटिव्ह असून होता. म्हणून कल्चर, आणि म्हणून अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी कल्चर. फ्लूच्या प्रत्येक पेशंटला सेफ्ट्रिअक्झोन मारत राहिलो तर असल्या पोरांसाठी शिल्लक काय राहणार?

आणि टायफॉइड सगळीकडे सारखाही नाही. २०१७ ते २०२० मध्ये देशात चार ठिकाणी मुलांमध्ये कल्चर करून मोजणी झाली. वेल्लोर, कोलकाता, दिल्लीच्या शहरी वस्त्यांमध्ये दर लाख बालवर्षांमागे (एक मूल एक वर्ष पाहिलं की एक बालवर्ष) ५७६ ते ११७३ केसेस, आणि पुण्याजवळच्या ग्रामीण भागात ३५. आपल्याकडच्या खेड्यांमध्ये ज्या प्रमाणात विडाल पॉझिटिव्ह निघतात त्याच्यापुढे हा ३५ चा आकडा ठेवून बघा. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस द्यायला सुरुवात केली, तीही शहरी वस्तीतच. (आयांचा नेहमीचा प्रश्न, लस दिलीय म्हणून विडाल पॉझिटिव्ह आलं का? नाही. ती लस जंतूच्या व्हीआय नावाच्या वेगळ्याच भागाविरुद्ध काम करते, विडाल ओ आणि एच बघतं.)

तात्यांनंतर मी लॅबच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवले, ताप येऊन किती दिवस झाले आणि अँटिबायोटिक सुरू आहे का. रिपोर्टात विडालसमोर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहायचं बंद केलं, फक्त टायटर, म्हणजे १:८०, १:१६० असा आकडा, आणि खाली दोन ओळी, की एका नमुन्यावरून निदान होत नाही, लक्षणं बघावीत, गरज असेल तर कल्चर किंवा दहा-बारा दिवसांनी दुसरा नमुना पाठवावा. पहिल्या आठवड्यात चार डॉक्टरांचे फोन आले की पेशंट विचारतोय मग आहे का नाही ते लिहा. समजावलं. गावातले ते डॉक्टर आता फ्लूच्या दिवसांत नाक गळणाऱ्याचं विडाल पाठवत नाहीत, पाच दिवसांच्या वर ताप गेला की कल्चरची बाटली मागवून घेतात, त्यांच्याकडे दोन बाटल्या ठेवूनच दिल्यात. तापाच्या दिवसाचा रकाना अजून निम्म्या फॉर्मवर रिकामाच येतो, तेव्हा रक्त घेणारी आमची मुलगी पेशंटलाच विचारते आणि पेनाने भरते.